बाबांची चकती
माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीआधी प्रयोगशाळेत एक चकती भाजली होती. झिर्कोनियम बोराईडची बारीक पावडर, थोडं सिलिकॉन कार्बाइड, वर रेझिन. भट्टीतून निघाली ती इतकी घट्ट, की टेबलावर टाकली की घंटेसारखी वाजायची. पुढे ती तपासणीत फुटली आणि तशी दुसरी कुणालाच जमेना. मग लोक कुजबुजू लागले, की म्हाताऱ्याने घनतेचा आकडा मनानेच लिहिला.

आता त्याच टेबलावर मी काम करते. कृती त्यांचीच, वजनं काटेकोर, तरी माझ्या चकत्या बद्द वाजतात, आतून सगळ्या पोकळ. साहेबांनी तर या आठवड्यात जाणाऱ्या अहवालातून बाबांचा निकाल वगळायचं ठरवलं होतं. मला राग आला होताच, पण त्याहून जास्त कुतूहल छळत होतं. कृतीत नाही असं बाबांनी काय केलं असेल? विचारलं की म्हणायचे, "लिहिलंय तेवढंच केलं गं."

बाबा तसे पक्के चिक्कू. त्या दिवशी चहा करताना त्यांनी दुधाचं रिकामं पातेलं पाण्याने विसळलं आणि ते पाणी चहात ओतलं. रोजचंच. मीही रोजच्यासारखी वैतागले, "बाबा, चहाचं पार पाणी करता तुम्ही!" आणि तोंड उघडंच राहिलं.

"रेझिनचं भांडं? तेही असंच विसळायचात?"

"मग काय टाकून द्यायचं? चमचाभर स्पिरिट घातलं की सगळं उतरतं. त्यात लिहिण्यासारखं काय?"

रेझिन मधासारखं दाट. मोजून ओतलं तरी बरंचसं भांड्यालाच चिकटतं, आणि मी ते भांडं सरळ धुवायला टाकत होते. भट्टीत रेझिनचा कार्बन होतो. बोराईडच्या कणांवर ऑक्साइडची साय असते, ती हा कार्बन खातो, तेव्हा कुठे कण एकमेकांना घट्ट धरतात. माझा कार्बन सिंकमध्ये वाहून जात होता!

मी तडक प्रयोगशाळा गाठली. भांडं विसळलं, ओतलं, भट्टी लावली. भट्टी गार झाल्यावर चकती टेबलावर टाकली.

टण्ण!

आधी ती साहेबांपुढे वाजवली, मग घरी आणून ओट्यावर. बाबांनी उचलली, पुन्हा टाकली, पुन्हा ऐकली. मला वाटलं, आता सगळ्यांच्या नावाने शंख करतील.

"लोकांचं सोड गं," ते म्हणाले. "हल्ली मलाच वाटायला लागलं होतं, की तो आकडा मी मनानेच लिहिला असेल."