चौदा हातांवर

"विझली!" शहादेवनं दोर वर ओढला. टोकाला बांधलेल्या टोपलीतल्या मेणबत्तीच्या वातीतून नुसता धूर निघत होता.

सुंदरराव देशमुखांनी मेणबत्ती उलटसुलट करून पाहिली. युसूफ वडगावातली त्यांची ही विहीर चार वर्षं फळ्यांखाली झाकून पडली होती. तिचा गाळ काढायला आज शहादेव आत उतरणार होता.

"वातच ओली असंल. बायनाबाई, तुझी मोमबत्ती खोटी हाय. शहादेव, उतर बे."

शहादेव कमरेला दोर बांधू लागला.

"थांब, शहादेवभाऊ." बायनाबाई पुढं झाली. "मालक, मोमबत्ती खोटी न्हाई. खाली हवा वाईट हाय."

पंचक्रोशीत मेणबत्त्या ओतणारी ती एकटीच. निजामाच्या तहसील कचेरीतही तिचाच माल जाई. जमिनीतल्या तेलापासून काढलेलं पांढरं मेण रंगूनहून निघून बार्शीच्या रेल्वेनं येई. थेट जाळावर त्याचा भडका उडतो, म्हणून ती ते उकळत्या पाण्यात भांडं ठेवून वितळवी. नुसतं मेण वैशाखात वाकतं, म्हणून त्यात स्टेरिनची कडक वडी घाली. सुताची वात वेणीसारखी गुंफून, राख साचू नये म्हणून टाकणखाराच्या पाण्यात भिजवून, खडखडीत वाळवी. वीस वर्षांत वाकडी निघालेली एकही मेणबत्ती तिनं विकली नव्हती.

"कावून हट्ट करतीस?" सुंदरराव चिडले. "चुकलं म्हण अन् मोकळी हो. न्हाईतर उद्यापासून वाड्यावर तुझा माल नको."

"नका घेऊ. पर मी चुकलं म्हणले की ह्यो माणूस खाली जाईल अन् गुदमरून मरंल."

तिनं तीच मेणबत्ती पुन्हा पेटवली. ज्योत ताठ उभी राहिली. दोर सोडला. चौदा हातांवर ज्योत बारीक झाली आणि गेली. दुसरी मेणबत्ती सोडली. तीही तिथंच विझली.

बायनाबाईनं मेणबत्त्यांची जुडी सुंदररावांपुढं धरली. "आता तुमीच निवडा. तुमीच सोडा."

त्यांनी मधली एक उपसून काढली, स्वतः पेटवली, स्वतः दोर सोडला. चौदा हातांवर खाली अंधार झाला.

सुंदरराव वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शहादेव, सोड तो कमरेचा दोर."

कोंडलेली हवा हलावी म्हणून दोन दिवस गड्यांनी लिंबाच्या डहाळ्यांचे भारे दोराला बांधून विहिरीत वरखाली केले, वरून पाण्याच्या घागरी ओतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्योत चौदा हात ओलांडून तळाच्या चिखलापर्यंत गेली आणि जळत राहिली. शहादेव उतरला. त्याचा दोर धरायला सुंदरराव धोतर खोचून स्वतः काठावर उभे राहिले.

"मालक, गड्याला द्या की," बायनाबाई म्हणाली.

"न्हाई. माझ्याच हातात राहू दे."

खालून शहादेवचा आवाज घुमला, "बायनाआक्का, तुझी मोमबत्ती लई सरळ जळतिया गं!"

 भरून आलेले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून पदर पुढं ओढून बायनाबाई विहिरीत बघत राहिली.