फळीवरची धग

मित्रांनो, तुम्ही अख्ख्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणता, पण त्याच्या पोटात बसलेला मटारएवढा जुना ट्रान्झिस्टर तो मी. जर्मेनियम धातूचा देह आणि तारांचे तीन पाय: बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसच्या पायाला सतत थोडा प्रवाह देऊन मला अर्धवट जागं ठेवतात, त्याला बायस म्हणतात. त्यामुळे कलेक्टरमधून ठरावीक प्रवाह वाहतो आणि बेसवर आलेला क्षीण आवाज त्या मोठ्या प्रवाहात उमटतो. मला भीती एकाच गोष्टीची, उष्णतेची. तापलो की कलेक्टरचा प्रवाह आपोआप वाढतो, आणि तो वाढला की मी आणखी तापतो. एमिटरपाशी बसवलेला रोधक प्रवाह आवरून धरतो, पण तो तरी किती धरणार?

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर ड्रुसिलाच्या घरी माझी उमर गेली. तिचा नवरा ओबेद कॉड मासे धरायला जाई. समुद्रावरून बोटवाले बिनतारी यंत्रावर बोलत, ते मी घरात ऐकवायचो. एवढा स्वच्छ आवाज गावात दुसरीकडे नाही, असं शेजारणी म्हणायच्या.

एका संध्याकाळी धुकं उतरलं आणि ओबेदची बोट परतली नाही. तो गारठून येईल म्हणून ड्रुसिलाने चूल धडधडत ठेवली, आणि रेडिओ ठेवला चुलीवरच्याच फळीवर. धग माझ्यापर्यंत पोचली. प्रवाह चढू लागला. मी घाबरलो, पण सांगणार कसा? मला स्वतःचा आवाज नाही.

तेवढ्यात ओबेद बोलला. "इंजिन बंद पडलंय... खडक..." पुढचे शब्द माझ्यात चिरडले गेले. प्रवाहाला वर चढायला जागाच उरली नव्हती. ड्रुसिलाने आवाजाचं बटण पिरगळलं, तर नुसती घरघर वाढली.

तिचा सासरा एझेकिएल उठला. रेडिओला लावलेला हात त्याने झटकन मागे घेतला.

"पोरी, भाजतोय हा. बंद करून बाहेर नेऊ."

"बाबा, तेवढ्यात तो बोलायचा थांबला तर?"

"आत्ता तरी कुठं कळतंय काय म्हणतोय ते?"

त्याने मला बंद केलं. पायरीवरच्या गार वाऱ्यात मी निवत होतो. एप्रनचं टोक दातांत धरून ड्रुसिला उभी होती. मित्रांनो, मला वाटलं, आता मी जागाच झालो नाही तर?

पुन्हा बटण फिरलं आणि ओबेदचा आवाज स्वच्छ आला. "कुणी ऐकतंय का? बंदुकीचे बार काढा. आवाजाच्या रोखाने वल्हवत येतो."

एझेकिएल धक्क्यावर बार काढत राहिला. खूप वेळाने धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला.

तेव्हापासून माझ्यातून जाणाऱ्या आवाजात बारीक खरखर राहिली आहे. चूल पेटली की अजून धास्ती वाटते. म्हणून विनवतो, एखादं यंत्र घुसमटलं तर आधी बटण पिरगळू नका. हात लावून बघा, तापलंय का. आतून कुणीतरी हाका मारत असेल.