दाताला लावून

सूनबाईचा नेम ठरलेला होता. पहाटे समुद्रावर जायचं, एकच वस्तू उचलायची, आणि तीही अशी, की जिचं नाव आपल्याला सांगता येऊ नये. बाकीचं सगळं समुद्राचं. घरी आली की ती वस्तू सासऱ्यांच्या चहाशेजारी ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, पाहुणे आलेत. ओळखा बघू."

सासऱ्यांचा जन्म दातांच्या कवळ्या बनवण्यात गेला होता. गल्लीत त्यांना कवळीमास्तर म्हणत. आता नजर अधू झाली होती, आणि मेण-प्लास्टर हाताळून बोटांची टोकं तर कधीचीच निबर झालेली. पण ते वस्तू समोरच्या दाताला लावत, हलकेच घासत, मग जिभेचं टोक टेकवत. "हाड आहे. जिभेला धरतंय. सुरीची मूठ असणार." लाटांनी घासून घासून जिचं नावगाव पुसून टाकलं, तिला मास्तर परत नाव देत. चहा गार होई, पण त्या दोघांचा दिवस खरा तिथे उजाडे.

हल्ली मात्र निकाल चुकायला लागले होते. एका गुळगुळीत गोट्याला ते हाड म्हणाले. मग एका बटणाला प्लास्टिक. सूनबाईनं गुपचूप तापलेली सुई त्या बटणाला टेकवली, तर केस जळल्यासारखा वास आला. हाड ते! नवरा बंदरावर कामाला, त्याला सांगितलं तर म्हणाला, "वय झालं त्यांचं." शेवटी तिनंच नणंदेला फोन केला. "वन्सं, एकदा येऊन जा. बाबांचं चित्त थाऱ्यावर दिसत नाही."

नणंद आली ती बॅग रिकामी घेऊनच. बाबांचे कपडे भरायला.

"माझ्याकडे लिफ्ट आहे, डॉक्टर शेजारी आहे," ती म्हणाली. "तुम्ही किती बघणार, वहिनी?"

तिचंही खोटं नव्हतं. पण तिच्या घरापासून समुद्र कुठे, आणि तिथे मास्तरांपुढे रोज काय ठेवणार? आपल्या एका फोननं हे काय करून बसलो, असं सूनबाईला झालं. पहाटे दोघी किनाऱ्यावर गेल्या. सूनबाईनं एक पांढरट, वाकडा तुकडा उचलला. नणंदेनंही वाकून काहीतरी पर्समध्ये टाकलं.

चहाला मास्तरांनी तो वाकडा तुकडा दाताला लावला. टक्‌. पुन्हा लावला. टक्‌. जीभ टेकवण्याआधीच कपाळाला आठ्या पडल्या.

"शिंपला."

"असा वाकडा, बाबा?" नणंदेनं हळूच विचारलं.

मास्तरांनी तुकडा बशीत ठेवला. चाचपडत बशीची कड धरली. "पोरी, भर माझी बॅग. डोळे गेले, त्याचं काही नाही. पण आता डोकंही निघालं. सूनबाई काही बोलत नाही, पण मला कळतं."

नणंद बॅग भरू लागली, आणि सूनबाईला पदर डोळ्यांना लावायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

दुपारी जेवताना नणंद एकदम किंचाळली. "आई गं! वहिनी, तांदूळ निवडता की नुसतेच धुता?" तिनं भातातला खडा ताटाच्या कडेला ठेवला. तेवढ्यात मास्तरांच्या तोंडातून करकर आवाज आला. दोघींनी चमकून पाहिलं. मास्तर शांतपणे चावत होते.

आत भांडी ठेवताना नणंद कुजबुजली, "बघितलंत? खडा चावला तरी पत्ता नाही."

सूनबाईचा हात पातेल्यावरच थांबला. "वन्सं, पत्ता लागणार कसा? दात कुठे त्यांचे आहेत?"

"म्हणजे?"

"उरलेले पुढचे दोन दात हल्लीच काढून टाकले ना! आता वर-खाली सगळी कवळी. टाळूसुद्धा झाकलेला. तिला काय कळतंय, हाड की दगड!"

"अहो, पण हे बाबांना समजू नये? सगळा जन्म गेला त्यात!"

"गिऱ्हाइकांना सांगण्यात गेला. 'अगदी आपल्याच दातांसारखे वाटतील.' इतक्या वेळा सांगितलं, की स्वतःलाही पटलं."

नणंदेला हसू आलं, आणि मग ते तोंडातच राहिलं.

जेवणानंतर कवळी काढली की मास्तर दार लावून घेत, तसं आजही घेतलं होतं. खुद्द मुलालाही तसं दर्शन नव्हतं. सूनबाईनं दारावर टकटक केलं.

"बाबा, झोपलात?"

आतून फसफसता आवाज आला. "मग ये. आत्ता नको."

"आत नाही येत. नुसता हात बाहेर काढा."

दार चार बोटं उघडलं. हात बाहेर आला, सकाळचा तुकडा घेऊन आत गेला. नणंद भिंतीला टेकून उभी होती. सूनबाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती.

"अरे!" आतून आवाज आला. "हा तर कपाचा कान! चकाकी निघून गेलीय, आतली भाजलेली माती जिभेला धरतेय. मघाशी शिंपला कोण म्हणालं?"

"तुमची कवळी म्हणाली," सूनबाई म्हणाली.

आतून एक खुदखुद आली, बोळक्या तोंडाची. "लबाड! इतकी वर्षं जिची तारीफ केली, तिनंच मला वेड्यात काढलं."

नणंद पुढे झाली. तिनं पर्समधून काहीतरी काढलं आणि फटीतून आतल्या तळव्यावर ठेवलं. बोलली मात्र नाही.

"काच आहे," मास्तर म्हणाले. "बाटलीची मान. पण ही सूनबाईनं नाही उचललेली. काच तिला ओळखता येते, ती कशाला उचलेल?" हिरडीवर काच फिरल्याचा बारीक आवाज आला. "हिरवी असणार. तू लहानपणापासून हिरवीच उचलत आलीस, पोरी."

दार पूर्ण उघडलं. मास्तर तोंडावर पंचा धरून उभे होते.

नणंदेनं तो पंचा हळूच खाली केला. मग ती खोलीत गेली आणि बॅगेतले बाबांचे सदरे एकेक करून कपाटात परत ठेवू लागली.