चेंडू अडवणारी खुर्ची

घाबरू नका, खुर्चीच बोलतेय. साधी नाही हं, चाकाची. चार पायांच्या खुर्च्या बिचाऱ्या ठेवल्या जागी उभ्या असतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं असून असून किती असणार? मला पाच चाकं आहेत. त्यातलं एक हट्टी आहे, आणि माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलं ते त्या हट्टी चाकामुळेच.

माझा जन्म कारखान्यातला. एकानं दांडा बसवला, दुसऱ्यानं स्पंज चिकटवला, तिसऱ्यानं वरून निळं कापड ताणलं. शेवटी एक बाई यायची, धपकन बसायची, एक गिरकी घ्यायची आणि म्हणायची, "जाऊ दे हिला." तेवढ्या एका गिरकीवर आम्ही पास.

तिथून मी एका कचेरीत साहेबांच्या वाट्याला आले. साहेब माणूस भला. समोर कुणी बसलेलं असलं की ताठ बसायचे. तो गेला, दार लागलं, की पायानं जमीन ढकलून गरागरा फिरायचे. पन्नाशीचा माणूस, पण खाली चाकं आली की माणसाचं वय गळून पडतं, हे मी स्वतः पाहिलंय. दुपारी जेवण झालं की माझ्या पाठीला डोकं टेकून डुलकी काढायचे आणि फोन वाजला की म्हणायचे, "हो हो, तेच बघतोय."

पुढे गालिचाचा एक दोरा माझ्या चाकात गुंतला. चाक अडायला लागलं. साहेब निघायचे उजवीकडच्या कपाटाकडे आणि मी त्यांना डावीकडच्या भिंतीवर नेऊन सोडायची. गुडघा आपटला तसा त्यांचा जीव माझ्यावरून उडाला. नवीन खुर्ची आली आणि मी गेले जिन्याखाली, एका मोडक्या पंख्याशेजारी. पंखा काही बोलका नव्हता.

तिथून मला उचललं ते कचेरीच्या शिपायानं, आपल्या बहिणीसाठी. ही बहीण दिवसा औषधांच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवायची. पोरं तिला ताई म्हणत. मी गेले तेव्हा ताईचा डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"ही घे," भाऊ म्हणाला. "बसून शिकव."

"हिचं चाक अडतंय रे."

"तुझा तरी पाय कुठे चालतोय?"

आता हा पाय मोडला कसा, ते ऐका. मी तिथे नव्हते, पण पोरांनी इतक्यांदा सांगितलंय की मला पाहिल्यासारखंच वाटतं. ताईकडे शिकवायचं सामान म्हणाल तर गोदामामागचं सिमेंटचं अंगण आणि घराघरांतून आणलेल्या बादल्या. बादल्या पालथ्या घालून रांग लावायची आणि पोरांनी चेंडू पायाशी खेळवत त्यांच्यामधून नागमोडी न्यायचा. चेंडूला लाथ मारायची नाही, थोपटायचं. कधी पायाच्या आतल्या अंगानं, कधी बाहेरच्या.

यात चिमणीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चिमणी म्हणजे शिंप्याची पोर, वय असेल दहाच्या आत-बाहेर, हातापायाच्या नुसत्या काड्या. चेंडू तिच्या पायापासून वीतभर लांब जायचा नाही. मान खाली, नजर चेंडूवर, आणि सुईतून दोरा निघावा तशी ती बादल्यांमधून निघून जायची.

मग टेकडीपलीकडच्या पोरांशी सामना झाला. चिमणीनं चेंडू घेतला, मान खाली घातली आणि निघाली. समोरचा पोरगा काही बादलीसारखा उभा राहिला नाही. त्यानं पाय पुढे केला, चेंडू गेला. पुन्हा मिळाला, पुन्हा गेला. एकदा तर ती आपल्याच गोलरक्षकावर जाऊन आदळली. पाच गोल खाल्ले. परत येताना लंबू म्हणाला, हा संघातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात आगाऊ, "त्यांना आधीच सांगायला हवं होतं, पालथे पडून राहा म्हणून." सगळे हसले. त्या दिवसापासून चिमणीला बादलीवाली म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात आली ती चप्पल घालूनच. "ताई, मी आता येणार नाही. मला नुसत्या बादल्याच चुकवता येतात."

ताईनं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझं काय चुकलं त्यात? मीच तेवढं शिकवलं. हे बघ, सुट्टी संपायच्या आत त्यांच्याशी परत सामना आहे. तोवर ये. त्या दिवशीही असंच झालं तर खुशाल सोड, मी घरी बोलवायला येणार नाही." असं बोलत बोलत ती मागे सरकली, बादलीला अडखळली आणि पाय मोडून घेतला.

तर मी त्या अंगणात गेले ती नुसती बसायला म्हणून. ताई कडेला बसून सूचना देणार, एवढंच ठरलेलं. पण लंबू चेंडू घेऊन समोरून चालला होता आणि ताईला राहवलं नाही. तिनं चांगल्या पायानं जमीन ढकलली. तिला जायचं होतं उजवीकडे. माझं चाक अडलं, मी गेले डावीकडे आणि लंबूच्या पायातला चेंडू अलगद आमच्याकडे आला. लंबू रिकाम्या जागेला पाय मारून बघत राहिला.

ताई आधी हसली, मग एकदम हसायची थांबली. माझ्या चाकाकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, "बादल्या उचला रे."

"सगळ्या?"

"सगळ्या. ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवा, आया शोधत असतील."

तेव्हापासून अंगणात मी एकटी. पोरांनी चेंडू घेऊन यायचं, आम्ही अडवायचं. मी कुठे वळणार ते ताईला ठाऊक नसायचं आणि खरं सांगू, मलाही नसायचं.

"ताई, ही चीटिंग आहे," लंबू कुरकुरला. "तुम्ही बघता इकडे आणि येता तिकडे."

"मग समोरचा काय चिठ्ठी पाठवणार आहे तुला, कुठून येतो म्हणून?"

चिमणीचे तर फार हाल झाले. मान खाली घालून यायची आणि माझ्या दांड्यावर नडगी आपटायची. चार दिवसांत पाय निळे झाले. पाचव्या दिवशी ताईनं नवीनच सुरू केलं. चिमणी निघाली की ताई तोंडं वेडावायची. कधी गाल फुगव, कधी डोळे चकणे कर.

"मी आत्ता काय केलं?"

"काय माहीत."

"परत ये. आता काय केलं?"

"नाही दिसलं."

"परत ये."

शेवटी एकदा चिमणी मधेच खुदकन हसली. "जीभ काढलीत."

"आणि चेंडू कुठे आहे?"

चिमणीनं दचकून खाली बघितलं. पायाशीच होता.

"बघ, लक्ष नव्हतं तरी तिथेच आहे. त्याला तुझ्याशिवाय आहे कोण?"

नजर वर आली तसं पोरीला काय काय दिसायला लागलं. मी निघण्याआधी ताईची टाच जमिनीत दाबली जाते. माझं चाक आधी करकरतं, मग मी वळते. पूर्वी चिमणी कुठून जायचं ते घरूनच ठरवून यायची. आता ठरवायचं सोडलं तिनं. चेंडू थोपटत हळूहळू यायची, थांबल्यासारखं करायची. मला वळू द्यायची. मी एकदा वळले की मला परत फिरता येतंय कुठे? तेवढ्यात पायाच्या बाहेरच्या अंगानं चेंडू दुसरीकडे सारायची आणि सुटायची ती थेट भिंतीपर्यंत.

"वेग कधी वाढवलास?" ताईनं विचारलं.

"खुर्ची फसल्यावर."

"परत," ताई एवढंच म्हणाली. पण मी तिच्या खालीच होते ना, ती आनंदानं कशी बसल्या जागी उडाली ते मला समजलं.

सामन्याच्या दिवशी पोरांनी मला मैदानापर्यंत ढकलत नेलं. तिथे गवत. माझी चाकं रुतून बसली, आणि जन्मात पहिल्यांदाच मी नुसती बघणारी झाले. मध्यंतराला आपण दोन-एकनं मागे होतो. त्यानंतर ताईनं चिमणीला आत पाठवलं.

पहिलाच चेंडू आला आणि पोरीनं मान खाली घातली. गेला चेंडू. लंबूनं कपाळाला हात लावलेला तिनं बघितला. मग तिनं आमच्याकडे बघितलं. तोंड अगदी एवढंसं झालं होतं. त्या बघण्याचा अर्थ आम्हा दोघींनाही समजला: उद्यापासून नाही.

ताईनं माझा हात असा आवळला की आतला स्पंज दबला. ओरडून सांगण्यासारखं खूप होतं तिच्याकडे. पण तिनं गाल फुगवले, डोळे चकणे केले आणि एवढ्या सगळ्या आईबापांसमोर जीभ बाहेर काढली. शेजारचे एक गृहस्थ जरा लांब सरकून बसले.

चिमणी हसली.

पुढचा चेंडू आला तेव्हा ती हसतच होती, म्हणजे मान वरच होती. मागच्या वेळचाच तो आडदांड पोरगा समोर आला. चिमणी हळू झाली. त्यानं एका पायावर भार टाकला, तशी ही त्याच्या दुसऱ्या अंगानं पसार. दुसरा आला, त्यालाही तसाच फसवला. गोलरक्षक धावत पुढे आला. आता ही मारणार, असं सगळ्यांनाच वाटलं. पण मान वर असलेल्या माणसाला कडेचंही दिसतं. लंबू डाव्या हाताला मोकळा उभा होता. चिमणीनं चेंडू अलगद त्याच्याकडे सरकवला, आणि त्याला फक्त पाय लावायचं काम उरलं.

सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. नंतर तो आडदांड पोरगा चिमणीपाशी आला. "तुम्ही सराव कुणाबरोबर करता?"

"हिच्याबरोबर."

त्यानं ताईच्या प्लास्टरकडे बघितलं. "यांच्याबरोबर?"

"त्या नाही रे. खुर्ची."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. साहेबांनीसुद्धा मला कधी इतकं निरखून बघितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर चिमणी मला ढकलत होती. ताईनं मागे न बघता विचारलं, "मग, उद्याचं काय?"

"उद्या तुम्ही डावा पाय वापरा. उजव्याचं मला आधीच समजतं आता."

"डावा प्लास्टरमध्ये आहे बाई."

"मग मी बसते. तुम्ही लंबूला पाठवा."

ताईचं प्लास्टर कधीच निघालं. पण माझ्यावर चिमणी जी बसायला लागली ती बसलीच. आता लहानग्यांची नवी तुकडी आलीय आणि त्यांना ती अडवते. माझं कापड फाटलंय, एक हात निखळलाय, बसलं की मी फुस्स करून खाली जाते. पोरांना त्याचं भारी हसू येतं. येऊ दे.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. तुमच्या कचेरीत, जिन्याखाली, एखादी चाकाची खुर्ची धूळ खात पडली असेल तर भंगारात देऊ नका, आमच्या अंगणात पाठवा. एका खुर्चीला सगळे चकवायला लागलेत, दुसरी हवीच आहे. चाक बिघडलेलं असेल तर फारच उत्तम.

चला, बोलणं पुरे झालं. चिमणी येऊन बसली. समोरून एक बारकी पोर चेंडू थोपटत येतेय, परवापर्यंत हिचं नाक चेंडूला टेकायचं तेवढं बाकी होतं. चिमणीनं टाच दाबली, माझं चाक करकरलं.

पोरीनं मान वर केली. आता आमची काही धडगत नाही.