शेजारणीला झोप लागते का?

ऐंशी घरं, दर घराचं एक कार्ड, दर कार्डावर बारा प्रश्न आणि दर प्रश्नापुढे एक ते पाचमधला एक आकडा. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. मुंबईच्या दीनानाथ प्रोफेसरांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं तेव्हा मी नाही म्हणालो नाही, त्याचं कारण सरळ सांगतो. शाळा सुटल्यावर मला घरी जायचं नव्हतं.

रेवस बंदराजवळच्या कोळीवाड्यात मी लोकल बोर्डाचा मास्तर. मूळचा तळा गावचा, म्हणजे इथल्यांच्या लेखी डोंगराकडचा. घरात बायको केसर आणि मी. आमची गोदू आदल्या वर्षीच्या शिमग्यात तापाने गेली. सहा वर्षांची होती. मुंबईच्या इस्पितळात न्यावी म्हणून आम्ही दुपारी तिला घेऊन धक्क्यावर बसलो, तर ओहोटी होती. बोट लांब खाडीत उभी, धक्क्याला लागेना, मधल्या चिखलात होडीही चालेना. भरती सांजेला होती. पाणी पायरीला लागायच्या आत पोर केसरच्या मांडीवर गेली.

तेव्हापासून केसरला काहीही विचारलं की ती "बरं आहे" म्हणायची. मीही तेवढ्यावर भागवत आलो होतो, आणि अंधार पडेपर्यंत शाळेतच रेंगाळत होतो.

प्रोफेसरांचं म्हणणं असं, की लोकांचं उत्पन्न सरकार मोजतं, पण लोक मनाने कसे आहेत ते कोणी मोजत नाही. म्हणून ही मनःस्वास्थ्याची पाहणी. कोट घातलेल्या माणसाला असल्या गोष्टी सुचतात. मोजणार मात्र मी. घरांना डांबराने नंबर घातले ते मी, आणि प्रश्नांचं मराठी केलं तेही मी. पहिला प्रश्न प्रोफेसरांनी पाठवला होता तो असा: 'आपणांस सुखनिद्रा प्राप्त होते काय?' तो वाचून दाखवला तेव्हा होडीवाल्या बुधाजी तांडेलाने पोथी लागली असं समजून मला बसायला पाट दिला. मग मी तो खोडून 'झोप लागते का?' असं केलं.

नमुन्यासाठी म्हणून एक कार्ड मी पहिल्याच दिवशी शाळेत बसून भरलं. नंबर एकसष्ट, माझंच घर. बाराच्या बारा प्रश्नांपुढे पाच. केसरला विचारलंसुद्धा नाही. काय विचारायचं? बरं आहे म्हणणार.

मग वाड्यात फिरलो, तर सगळीकडे तेच. झोप? मस्त लागते. भूक? सणकून. भीती? कसली भीती! माघ महिना, गडीमाणसं दर्यात, घरी बायकाच. बायजाच्या घरी गेलो तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि ती मला पाच-पाच सांगत होती. माझं डोकंच फिरलं.

"बायजा, खरं सांग की."

"होडी दर्यात हाय, मास्तर," ती म्हणाली. "माझ्या घराचं वंगाळ माझ्या तोंडून निघालं तर तिकडं होडीला भोवल. बरं हाय, असंच लिवा."

प्रोफेसरांना कार्डं पाठवली. त्यांचं पत्र आलं, की सगळीकडे एकच आकडा असेल तर त्यातून काहीच काढता येत नाही, सबब पाहणी पुन्हा करावी. पुन्हा करावी! लिहायला काय जातं?

पुन्हा बायजापासूनच सुरुवात केली. पुन्हा बरं हाय. वैतागून उठलो तेव्हा ती बांबूला टेकून म्हणाली, "मना काय इचारता? त्या पलीकडं जनीकडं बगा. ती रातभर दार उघडते न् मिटते. दोन दिस चूल न्हाय पेटली तिची."

"मग हे वंगाळ नाही का?"

"माझ्या घराचं कुठं हाय?"

मी परत बसलो आणि जनीचे बाराही प्रश्न बायजाला विचारले. धडाधड उत्तरं आली. शेजारीण कधी जेवते, कशाला दचकते, कुणाशी बोलायची बंद झाली, सगळं तिला पाठ होतं. प्रोफेसरांना कळवलं, की प्रत्येक घराने आपलं न सांगता पुढच्या नंबरच्या घराचं सांगावं. ते खूश झाले. या पद्धतीला त्यांनी एक लांबलचक नाव दिलं, ते मी विसरलो.

त्यानंतरचे वीस दिवस फार थकवणारे गेले. शाळा, मग वाडा, मग पुन्हा शाळेत बसून आकडे घालायचे. लोक काही आकड्यात बोलत नाहीत. 'जेवते पण काय जेवली ते तिला ठाव न्हाय' याला भुकेत किती? मी दोन घातले. 'कवा कवा' म्हणजे तीन ठरवलं. 'द्येवाला ठाव' याला आधी तीन देत होतो, मग साठेक वेळा ऐकल्यावर लक्षात आलं की वाईटच असल्याशिवाय कोणी देवाचं नाव काढत नाही. मागची सगळी कार्डं काढून तिनाचा दोन केला. बोटं शाईने काळी, कपड्यांना सुक्या मासळीचा वास, आणि दुसऱ्यांच्या बायकांची रडगाणी डोक्यात. घरी जाऊन जेवलो की आडवा व्हायचो.

एकोणसाठाव्या घराने साठाव्याचं सांगितलं आणि मी साठाव्या घरी गेलो. सोनूबाईचं घर. सोनूबाई वयाने मोठी, नवरा कधीच गेलेला, लेक बुधाजीच्या होडीवर. अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी नंबर टाकला, एकसष्ट, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे माझं घर. त्याचं कार्ड तर मी पहिल्या खेपेला भरलेलंच होतं. उठावं असं वाटलं, पण प्रोफेसरांची ताकीद होती की एकही घर वगळायचं नाही.

"शेजारणीला झोप लागते का?" मी विचारलं. जरा हसलोही असेन.

सोनूबाईने हातातला बोंबील खाली ठेवला. "न्हाय," ती म्हणाली.

"जेवण?"

"तुमी शाळेत गेलात की ताट तसंच माझ्या कुत्र्याला घालते."

तिसरा प्रश्न मला वाचवेना. तिने थांबूनही पाहिलं नाही. "सांजची भरती असली, सातम-आठमला, की मास्तरीण धक्क्यावर जाते. शेवटच्या पायरीवर हुबी ऱ्हाते. पानी पायाला लागलं तरी हलत न्हाय. मी मागं जाळ्यांवर जाऊन बसते. पानी उतराया लागलं म्हंजे हाताला धरून घरी आणते. वरीस होत आलं."

"मला सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला. "वर्षभर? मी काय परका होतो?"

"तुमी समद्या वाड्याला इचारत फिरता, मास्तर. मना आज इचारलंत."

मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. "आज तिथी कोणती?" मी विचारलं.

"आठम," ती म्हणाली. "गेली असल आता."

कार्डं तिथेच बोंबलांखाली टाकून मी निघालो. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने झालेली कार्डं मुंबईला जायची होती. वाटेत दोनदा ठेच लागली. शेवटच्या पायरीवर केसर उभी होती. पाणी तिच्या पायांपासून वीतभर खाली होतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. सोनूबाई मागून धापा टाकत आली आणि आपल्या जागी, जाळ्यांवर बसली.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"बरं आहे," केसर म्हणाली. तिने पाण्यावरची नजर काढली नाही.

वर्षभर मी या 'बरं आहे'पाशीच थांबत होतो. या खेपेला थांबायची हिंमत नव्हती. बारा प्रश्न तोंडपाठ झाले होते, तेवढेच माझ्यापाशी होते.

"मग शेजाऱ्याचं सांग," मी म्हणालो. "तुझ्या घरात तो मास्तर राहतो ना. त्याला झोप लागते का?"

ती म्हणाली, "लागते. पडल्या पडल्या लागते. गोदू गेली त्या रात्रीही लागली. घोरत होते."

"जेवण?"

"जेवतात. वर मागून घेतात."

"भीती वाटते त्याला?"

"माझी वाटते," ती म्हणाली. "म्हणून घरी येत नाहीत."

मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. तिचा आवाज चढला, फाटला, आणि ती खाली पायरीवर बसली. बारावा प्रश्न होता, मनातलं बोलायला कोणी आहे का. तो विचारताना मला रडू फुटलं. वर्षात पहिल्यांदा, आणि तेही सोनूबाईसमोर. केसरने पाण्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. पाणी आमच्या पायाला लागलं होतं.

"आता शेजारणीचं विचारा," ती म्हणाली.

मी नाक पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"तिला झोप लागते का?"