मौनात गेलेली चाल

मोताळ्याच्या अलीकडे आमचं गाव. माझ्या मालकांना सारे शालिग्रामबुवा म्हणत. मीही बुवाच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी भजनी मंडळासाठी चाली बांधल्या, पण एकही कागदावर नाही. ते पेटीवर म्हणायचे, मी हातातलं काम न सोडता मागून म्हणायचे, की चाल पक्की. पुढे विसरले तर मलाच विचारायचे.

सत्तरी ओलांडल्यावर विसरणं फार वाढलं. मृदंगवाले रंगराव एकदा म्हणाले, "बुवा, आता एक अशी चाल बांधा, का तुमच्या मागून गावानं तीच म्हणली पाहिजे."

"काऊन बे, मले धाडायची घाई झाली काय?" बुवा हसले. पण त्या दिवसापासून ते तिचीच वाट पाहू लागले.

महाराष्ट्र झाल्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. चातुर्मासात माझं मौन होतं. आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत शब्द नाही. एका गुरुवारी दुपारी मी वाती वळत होते आणि ती चाल आली. बुवांनी तीनदा म्हटली. पहिली ओळ शांत, खालच्या सुरात. आणि अंतरा असा चढला की माझे हात थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्या गळ्यातून असं काही आलं नव्हतं.

"म्हण नं वं, सुभद्रे. चाल सुटून जाईन!"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"देव का रागावते व्हय? म्हण लवकर!"

मी मान हलवली. छातीवर हात ठेवून खुणेनं सांगितलं, इथे आहे. पाणी भरलं, भाकरी थापल्या, मनात सूर घोळवत राहिले. दिवा लावला, हात जोडले, तोंड उघडलं. पहिली ओळ नीट आली. अंतरा आला तो मात्र जुन्याच एका भजनाचा.

"हे नाही." बुवांनी पेटी ओढली. बोटं पट्ट्यांवर फिरली, थांबली.

"माह्यामुळं गेली," मी म्हटलं.

"ज्याच्यासाठी मौन धरलं, त्यानं तं ऐकली नं? झालं मंग." त्यांनी भाता बंद केला.

पुढे दोन वर्षं ते होते. रोज सकाळी पेटी काढायचे, मी पहिली ओळ म्हणायचे, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. रंगराव म्हणाले, दुसरा अंतरा जोडा. बुवांनी ऐकलं नाही.

बाकीची व्रतं चालू आहेत. मौन मी पुन्हा धरलं नाही. मंडळ त्यांच्या जुन्या चाली म्हणतं, लोक डोलतात. मी घरी ती एकच ओळ म्हणते, आणि पुढची जागा त्यांच्यासाठी सोडून थांबते.