पहिली ओळ

चर्चमध्ये सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले पाळकसुद्धा. तिथे वाद्य नव्हतं. ताई एकटी पहिली ओळ गाई, मग मंडळी गीत उचलून धरी. ताई असताना वाद्य हवंय कुणाला?

गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, तो गेलाच. उरली नुसती कुजबुज.

"देवाला द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं," ती धाकट्या बहिणीला म्हणाली. "रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

"मग मला सोबत म्हणून चल," बहीण म्हणाली. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. पाळकांनी गीत सांगितलं, मंडळी उभी राहिली आणि सवयीने पहिल्या ओळीची वाट पाहू लागली. ताईनेही सवयीनेच श्वास भरला, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. एकेक मान मागे वळू लागली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शिंपीकाकांनी ओळ सुरू केली. काका म्हणजे सुरांचे हाडवैरी. 'तुम्ही आपलं मनातल्या मनात गा,' असं ताईनेच त्यांना गोडीगुलाबीने सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसाने ते कित्येक वर्षं पाळलं होतं. आज त्यांनी असा काही सूर लावला की पुढच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. मग बेकरीवाला गाऊ लागला, मग सगळेच, ज्याला जसं जमेल तसं.

ताईचे कान चुका वेचू लागले आणि मध्येच थांबले. काकांचे डोळे मिटलेले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. ते कुणाला ऐकवत नव्हते. त्यांच्यासमोर कुणीतरी होतं, इतकं मोठं की त्याच्यापुढे सुरेल काय आणि बेसूर काय. ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. तो इथेच होता. दर रविवारी होता. आणि आपण आपला आवाज ऐकत बसलो.

तिचे गुडघे आपोआप टेकले. भीती वाटत होती आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

बहीण घाबरून वाकली. "ताई, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

ताईने हातानेच तिला गप्प केलं. कडवं चालू होतं, आणि ती गात होती.